प्रेमाला खोली लागते

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)



मला 'प्रेम' हा विषय दिलाय. देणाऱ्यानं हसत हसत दिला. म्हणाला, तू कविता करतोस, बोल अर्धा तास. पोरं सकाळपासनं घटना आणि अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा ऐकून दमलीत. म्हंजे आपल्याकडं प्रेम हा दमलेल्या पोरांना चहाबरोबर द्यायचा विषय! मी मॅट्रिक पास माणूस. गोदीत कंत्राटावर काम करतो, पोलादाच्या कॉइलला स्लिंग लावतो. मोठी पुस्तकं मला एकदा वाचून कळत नाहीत, दोनदा वाचावी लागतात. पण एवढं मला पक्कं कळलंय की हा विषय चहाबरोबरचा नाही. जात नावाचा कारखाना जिथं रात्रंदिवस तिन्ही पाळ्यांत चालतो, ती जागा हीच.

हे मी पदरचं सांगत नाही. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय २५. म्हंजे या खोलीत बसलेल्या निम्म्या पोरांएवढं. या निबंधात ते विचारतात, जात टिकते कशानं? आणि उत्तर देतात, जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं. ते थांबलं की जात संपली. मग पुढचा हिशेब ते मांडतात, तो नीट ऐका.

जातीत बाया आणि पुरुष जोडीजोडीनं मरत नाहीत. नवरा मेला की बाई उरते. ती उरलेली बाई जातीला धोका. तिनं जातीबाहेर पाहिलं तर जात फुटली. जातीतच दुसरा घरोबा केला तर जातीतल्या एका कुमारिकेचा नवरा कमी झाला. मग तिचं काय करायचं? नवऱ्याबरोबर जाळायची, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायची. आणि बायको मेलेला पुरुष उरला तर? त्याला कोण जाळणार! तो मालक. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयाला न आलेली पोरगी आणायची. झाला बालविवाह.

आता तुम्हीच बघा. लहानपणी बालविवाह, तरुणपणी जातीतलं लग्न, उतारवयात सती किंवा वैधव्य. माणसाच्या प्रत्येक वयाच्या प्रेमाला एकेक कुलूप. आणि सगळ्या किल्ल्या एकाच कनवटीला. आपल्या सदाशिवपेठी कवींनी प्रेमावर ढीगभर लिहिलं, चांदणं शिंपलं, मोगरा फुलवला, पण या कुलपांवर किती लिहिलं? त्यांना लिहायची गरज नव्हती. किल्ल्या घरातच होत्या.

मी आज ही कुलपं एकेक करून बघणार आहे. आणि यातलं एकेक कुलूप आपण आपल्याच हातानं आपल्याच घराला कसं लावलंय, तेही बोलणार आहे. राग आला तर नंतर या, खाली टपरीवर भांडू.

पहिलं कुलूप, पोरवयाचं.

कायद्यानं पोरीचं लग्नाचं वय १८ आणि पोराचं २१ आहे, १९७८ पासनं. पण बीड जिल्ह्यात जाऊन बघा. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आणि तिथं कोयता म्हंजे लोखंड नाही, कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. सहा-सहा महिने आईबाप कारखान्यावर जाणार, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवणार? मग तेराव्या-चौदाव्या वर्षी उरका लग्न. पोरगी सुरक्षित आणि कोयता पुरा. त्या पोरीला प्रेम म्हंजे काय हे कळायच्या आत ती मजुरीच्या हिशेबातलं अर्धं हत्यार झालेली असते. यातली किती घरं आपली आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि समजा कुणी त्या वयात स्वतःहून प्रेम केलं, निदान केल्याचा नुसता संशय आला? २८ एप्रिल २०१४. नगर जिल्ह्यातलं खर्डा गाव. १७ वर्षांचं आपलं पोरगं, शाळेत जाणारं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरनं त्याला मारलं. मृतदेह झाडाला लटकलेला मिळाला. साक्षीदार फिरले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी कोर्टातनं निर्दोष सुटले. सतराव्या वर्षी बाकीच्यांची पोरं वहीच्या मागच्या पानावर बदाम काढतात, पुसतात, पुन्हा काढतात. त्या वयातलं प्रेम खोडरबरनं पुसता येणारं असतं. आपल्या पोराला मात्र त्याची किंमत जीव देऊन मोजावी लागते.

दुसरं कुलूप, लग्नाच्या वयाचं.

खर्डा नवं नाही. २९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीमाईंनी नायगावहून जोतिबांना पत्र लिहिलं. ते प्रत्येक पोरापोरीनं वाचलं पाहिजे. गणेश नावाचा एक ब्राह्मण, पोथी-पंचांगावर पोट भरणारा. त्याचा आणि सारजा नावाच्या महाराच्या पोरीचा जीव एकमेकांवर जडला. सारजा सहा महिन्यांची गरोदर. गावानं दोघांना पकडलं, वाजतगाजत गावातनं फिरवलं आणि मारायला नेलं. सावित्रीमाई कळल्या कळल्या धावत गेल्या. इंग्रजांच्या कायद्यात याचा परिणाम काय होईल ते गाववाल्यांना सांगितलं, दरडावलं. दोघं वाचली. मग माईंनी त्यांना जोतिबांकडं पाठवून दिलं.

१८६८ ला एक बाई एकटी जमावासमोर उभी राहिली आणि दोन जीव वाचले, तिसरा पोटातला. २०१४ ला खर्ड्यात कुणी आडवं उभं राहिलं नाही. मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. कायदे झाले, घटना झाली, सगळं झालं. पण जमावासमोर धावत जाणारं माणूस कमी पडलं. म्हणून मी म्हणतो, कायदा पाहिजेच, पण कायद्याला पाय नसतात. पाय आपले लागतात.

आता कायदा काय म्हणतो? सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसं आपखुशीनं लग्न करतात तेव्हा घरच्यांची, जातीची, पंचांची संमती लागत नाही. सरकार आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपये देतं. चांगली गोष्ट आहे. पण त्याच सरकारचा १९५४ चा विशेष विवाह कायदा जोडप्याला ३० दिवसांची नोटीस द्यायला लावतो, आणि ती नोटीस कचेरीत लोकांनी बघावी म्हणून लावतात. नाव, पत्ता, सगळं. म्हंजे एका हातानं ५० हजार द्यायचे आणि दुसऱ्या हातानं पोरीच्या भावाला पत्ता द्यायचा! तरी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, कुणाच्या तरी उपयोगाला येईल. हिंदू विवाह कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शिखांनाही लागू आहे. दोघं त्याच्या आत बसत असतील तर ही नोटीस लागत नाही. हे माहीत नसल्यामुळं पोरं उगाच महिनाभर तोंड लपवून फिरतात.

इथवर तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता पुढं वाजवू नका.

'जातीचा उच्छेद' हे १९३६ चं न झालेलं भाषण आपण सगळे तोंडपाठ सांगतो. आंतरजातीय लग्न हा जातीवरचा खरा उपाय, असं बाबासाहेब त्यात म्हणतात. बरोबर? मग मला सांगा, आपल्यातल्या किती जणांनी आपल्या बहिणीला विचारलं की, बाई, तुला कोण आवडतो? वरच्या जातीची पोरगी आपल्या घरात आली की आपण फुगतो, हार घालतो, तिचं आडनाव मंचावरनं जाहीर करतो. आणि आपली बहीण मातंगाच्या, चर्मकाराच्या, मेहतराच्या पोराबरोबर दिसली तर? तेव्हा आपल्याला अचानक 'समाज काय म्हणेल' आठवतं. लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवर जातीचा रकाना आहे, पोटजातीचाही आहे. तो फक्त ब्राह्मण-मराठ्यांची पोरं भरतात का? आपली नाही भरत? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापानं 'आपल्यातलाच बघा' म्हणावं, याला काय म्हणायचं? जो खर्ड्यात संशय घेतो तो आपला शत्रू, आणि चाळीच्या जिन्यात उभा राहून बहिणीचा मोबाईल तपासतो तो आपला कार्यकर्ता. दोघांच्या हातात कुलूप एकाच कारखान्याचं आहे.

तिसरं कुलूप, संसाराचं. हे सर्वात जुनं, सर्वात गंजलेलं, आणि याचं नाव कुणी घेत नाही, कारण आपल्याला वाटतं लग्न झालं म्हंजे प्रेमाचं काम संपलं.

रमाई कोण होत्या? दाभोळ बंदरावरनं मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या भिकू धोत्रे नावाच्या माणसाची पोर. म्हंजे आमच्यातल्याच, बंदराच्या हमालाच्या. आईबाप लवकर गेले, मामा-काकांनी भायखळ्याला आणलं. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, त्यांचं लग्न लागलं. नवरी नऊ वर्षांची, नवरा पंधराच्या आसपास. ज्या माणसानं दहा वर्षांनी बालविवाहाचा हिशेब जगापुढं मांडला, त्याला ते कुलूप आतनं माहीत होतं.

लग्नाची २९ वर्षं. त्यातली १९१३ ते १९१७ आणि १९२० ते १९२३, बाबासाहेब बहुतेक परदेशात. पाच लेकरांतली चार गेली. रमाईंनी शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. १९२८ साली 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनीच ते लिहून ठेवलंय. आणि अशा बाईच्या सहवासात आपल्याला दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तासही घालवता येत नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. दोस्तांनो, महापुरुष आपल्या संसाराविषयी असं छापून टाकतो, हे वाचून मी गप्प बसलो होतो. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. पुढं 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंना अर्पण केला.

आपण काय केलं? रमाईला 'त्यागमूर्ती' केलं आणि भिंतीवर लावलं. हा शब्द आपल्याला फार सोयीचा आहे. आई त्यागमूर्ती, बायको त्यागमूर्ती, म्हंजे आपण पहाटे पाच वाजता उठून पाणी भरायला नको. तिनं राबायचं आणि आपण २७ मे ला हार घालायचा. बाबासाहेबांना अर्धा तास मिळत नव्हता, कारण अख्ख्या समाजाचं ओझं डोक्यावर होतं. तुझ्या डोक्यावर काय आहे, भाऊ? नाक्यावर चार तास मिळतात, बैठकीला मिळतात, मोबाईलला मिळतात. बायकोशेजारी बसून 'आज तुझा दिवस कसा गेला' विचारायला अर्धा तास मिळत नाही. दारू पिऊन येतो आणि क्रांतीचं गाणं म्हणत तिच्यावर हात उगारतो. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि तो जयभीमवाल्यालाही लागू होतो, एवढं लक्षात ठेव.

यात खोलीचाही भाग आहे. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी. शिवडीच्या बारा तर गोदीच्याच जमिनीवर. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. त्यात म्हातारा-म्हातारी, दोन भाऊ, एक नवी सून, दोन पोरं. मोरीला पडदा. नव्या नवरानवरीनं रात्री बोलायचं कसं? माळ्यावर कुजबुजायचं, नाहीतर पुरुषांनी गॅलरीत झोपायचं. चाळीतल्या कितीतरी जोडप्यांचं तरुणपण शेजाऱ्याच्या रेडिओच्या आवाजाआड गेलं. मध्यमवर्गी माणसाला वाटतं प्रेमाला हृदय लागतं. लागतंच. पण त्याच्याआधी दाराला आतनं कडी असलेली एक खोली लागते. ज्यानं घर नाकारलं त्यानं प्रेमही नाकारलं, हे घराच्या मोर्चात आपण कधीतरी मोठ्यानं म्हटलं पाहिजे.

चौथं कुलूप, उतारवयाचं.

आमच्या टोळीत एक काका होते. साठी आलेली, बायको जाऊन सात वर्षं झालेली. गेटच्या बाहेर चहाची टपरी चालवणारी एक मावशी, तीही एकटी. काका रात्रपाळी सुटली की तिच्या बाकड्यावर तासभर बसायचे. कधी तिचं दूध आणून द्यायचे, कधी ती यांच्यासाठी भाकरी ठेवायची. एवढंच. पोरांना कळलं. पोरं चळवळीतली, वस्तीत मान असलेली. बापाला म्हणाली, या वयात तोंड काळं करता काय? काकांचं बसणं बंद झालं. मला म्हणाले, "अरे, लग्नबिग्न कुणाला करायचंय? पण संध्याकाळी कुणीतरी 'जेवलात का' एवढं विचारायला पाहिजे की नको?" मी काय उत्तर देणार? पोरांनी मनुस्मृती वाचली नव्हती. जाळली मात्र होती, दरवर्षी २५ डिसेंबरला. तरी तिच्यातलं वैधव्य त्यांनी बापावर लागू केलं. पुरुषावर! आणि तुमच्या विधवा आईनं तो बाकडा शोधला असता तर काय केलं असतंत?

आता सर्वात अवघड गोष्ट बोलतो. १४ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांना ५७ वर्षं पूर्ण झाली आणि १५ एप्रिलला दिल्लीच्या घरी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मधुमेह, पायांच्या असह्य वेदना, झोप नाही, आणि समोर घटनेचं काम. त्या डॉक्टर, जन्मानं सारस्वत ब्राह्मण. म्हंजे ज्यानं आंतरजातीय लग्न हा उपाय सांगितला, त्यानं तो स्वतः घेतला. रमाई गेल्यावर तेरा वर्षांनी एका आजारी, एकट्या, थकलेल्या माणसाला सोबत मिळाली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेताना त्या शेजारी होत्या.

६ डिसेंबरनंतर आपल्या लोकांनी त्यांना काय दिलं? संशय. चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी संशय गेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी पत्नीविषयी कृतज्ञता लिहिली होती. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच गेली नाही. माई वर्षानुवर्षं एकट्या राहिल्या. सत्तरच्या दशकात पँथरच्या पोरांनी त्यांना पुन्हा लोकांत आणलं, 'माई' म्हटलं. २९ मे २००३ ला त्या गेल्या. आजही दोन माणसं जमली की तीच कुजबुज सुरू होते. मी इतिहासकार नाही. पण मला एक दिसतं. ५७ वर्षांचा माणूस कुणावर जीव लावू शकतो आणि त्याच्यावरही कुणी जीव लावू शकतं, हेच आपल्याला पटत नाही. त्यात कट दिसतो, स्वार्थ दिसतो. प्रेम सोडून सगळं दिसतं. उतारवयाचं कुलूप आपण दुसऱ्या कुणाला नाही, खुद्द बाबासाहेबांच्या घराला लावलं.

आणि ज्यांना उतारवयातलं प्रेम काय असतं ते बघायचंय, त्यांनी जोतिबा-सावित्रीमाईंकडं बघावं. १८८८ मध्ये जोतिबांना पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं. त्यांनी डाव्या हातानं ग्रंथ पुरा केला आणि माईंनी दोन वर्षं त्यांची सेवा केली. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा प्रेतयात्रेत टिटवं कोण धरणार यावरनं भाऊबंद भांडायला लागले. माई पुढं झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि चालू लागल्या. पन्नास वर्षांच्या संसाराचा हक्क त्यांनी सगळ्या पुण्यासमोर बजावला. कुणाला विचारलं नाही.

दोस्तांनो, आता संपवतो. घड्याळ दाखवू नका, मला रात्रपाळी आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ घरांच्या चाव्या लोकांना मिळाल्या. १६० चे ५०० चौरस फूट झाले. बाकीच्यांनाही मिळाले पाहिजेत, आणि झोपडीतल्या, फुटपाथवरच्या माणसालाही. त्यासाठी भांडावंच लागेल. पण त्या घरात गेल्यावर काय करणार, हे मी तुम्हाला आज विचारून ठेवतो. आता आतनं कडी लागणारी खोली असेल. बहीण म्हणाली, मला अमुक मुलगा आवडतो, तर त्याची जात विचाराल की त्याचा स्वभाव? बायको कामावरनं दमून आली तर कुकर कोण लावेल? आई म्हणाली, मला कुणाची तरी सोबत पाहिजे, तर तिला हॉलमधे बसवून चहा कराल की तिच्या तोंडावर समाज फेकाल? आणि खर्ड्यासारखी बातमी आली तर दुसऱ्या दिवशी निषेधाचं पत्रक काढाल, की आदल्या रात्री तिथं धावत जायला दहा पोरं तयार ठेवाल?

शेवटच्यासाठी आजच नावं द्या. वही मागच्या बाकावर ठेवलीय. जोडप्याला रात्रभर लपवायला खोली देईल तो एक, पोलीस ठाण्यात बरोबर येईल तो एक, रजिस्टर लग्नाला साक्षीला उभा राहील तो एक. पोरींनीही नावं द्यायची, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. पहिलं नाव मी माझं लिहिलंय. खोली माझी दहा बाय बाराची आहे, पण दाराला आतनं कडी आहे.

जयभीम.